करड्या पडद्यावरचे ठिपके

शनिवार, १ जुलै १९६७. दुपारचे दोन वाजत आलेत. लंडनमधल्या एका टीव्हीच्या दुकानात तुम्ही उभे आहात आणि दुकान माणसांनी भरलंय. विकत घ्यायला बहुधा कोणीच आलेलं नाही. कोपऱ्यातल्या त्या लाकडी पेटीची किंमत अडीचशे पौंडांच्या घरात आहे. गर्दी जमलीय ती नुसती बघायला. दुकानदाराने दर्शनी काचेवरचा पडदा ओढून घेतलाय, कारण बाहेरचा उजेड आत आला की पेटीतलं चित्र फिकं पडतं. मागच्या रांगेतला एक मुलगा वडिलांच्या खांद्यावर चढून बसलाय.

पेटी तापते, आणि सगळ्यांत आधी दिसतं गवत.

हिरवं गवत. तुम्हाला त्यात विशेष वाटणार नाही. तुम्ही खिशात रंगीत पडदा घेऊन फिरणाऱ्या काळातून आला आहात. म्हणून घटकाभर पेटीकडे पाहू नका, माणसांकडे पाहा. या सगळ्यांनी पडद्यावरचं विंबल्डन आजवर करड्या रंगातच पाहिलंय. करडं गवत, त्याहून जरा फिकट आकाश, आणि या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी माणसांचे चेहरे. आज क्लिफ ड्रायस्डेल आणि रॉजर टेलर खेळताहेत, पण पहिली काही मिनिटं गुण मोजायचं कोणाला सुचत नाही. पंचांच्या खुर्चीपाशी ठेवलेल्या बार्ली वॉटरचा पिवळटपणा, प्रेक्षकांतल्या बायकांच्या टोप्या, उन्हाने तांबूस झालेल्या माना, यांवरून नजरा फिरताहेत. तुमच्या शेजारच्या वयस्क बाई हलकेच म्हणतात, "अगं बाई, हे तर खरंच हिरवं आहे." सेंटर कोर्टचं गवत हिरवं असतं हे त्यांना काय माहीत नव्हतं? माहीत होतंच. घरबसल्या दिसलं नव्हतं इतकंच.

हे दाखवणाऱ्या बीबीसी टू या वाहिनीचे प्रमुख आहेत डेव्हिड ॲटनबरो. वय ४१. प्राण्यांच्या मागे जंगलं पालथी घालणारे, ज्यांना तुम्ही ओळखता, तेच. युरोपात नियमित रंगीत प्रसारण आधी कोण सुरू करणार, यावर पश्चिम जर्मनीशी चुरस आहे आणि जर्मन लोक २५ ऑगस्टला सुरुवात करणार आहेत. रंगीत कॅमेरे मोजके, रंगीत स्टुडिओची सोय अपुरी. अशा वेळी तासन्‌तास चालणारा, उघड्या उन्हात होणारा, मोजक्या कॅमेऱ्यांत मावणारा खेळ कोणता? टेनिस. मला ही युक्ती फार आवडते. तिच्यात श्रीमंती नाही, संसारी शहाणपण आहे.

रंग पोचवण्याची तऱ्हा मात्र जर्मनीचीच आहे. तिचं नाव पाल; टेलिफुंकेन कंपनीच्या वाल्टर ब्रूख यांनी ती बसवली. (१९८२ साली, एशियाडच्या वर्षी, आपल्या घरांतल्या टीव्हीवर रंग आला तो याच पद्धतीने.) तिच्यातली एक गोष्ट आत्ताच मनाशी बांधून ठेवा, पुढे कामाला येईल. रंगासाठी वेगळी लहर पाठवलेली नसते. मूळ चित्र कृष्णधवलच असतं, आणि रंगाची माहिती त्याच्याच अंगावर अतिशय बारीक नक्षीसारखी विणलेली असते. रंगीत टीव्ही ती नक्षी उलगडून रंग दाखवतो. साधा टीव्ही ती उलगडू शकत नाही; त्याच्या पडद्यावर ती सूक्ष्म ठिपक्यांच्या रूपात पडून राहते. सहसा कोणाच्या लक्षातही येत नाही.

दुसऱ्या दिवशी, २ जुलैला, याच पेटीसमोर पुन्हा या. कार्यक्रम नाही, पण पडद्यावर एक आठ वर्षांची मुलगी बसलीय, शेजारी कापडी विदूषक, मागे फळा आणि त्यावर फुली-गोळ्याचा डाव. हे चाचणीचं कार्ड, टेस्ट कार्ड एफ. बीबीसीचे अभियंता जॉर्ज हर्सी यांनी ते तयार केलं आणि फोटो स्वतःच्या मुलीचा घातला. माणसाच्या कातडीचा रंग चुकला तर डोळ्याला लगेच खुपतो, म्हणून चेहरा हवा होता. फुली-गोळ्यातली एक फुली पडद्याच्या नेमक्या मध्यबिंदूवर आहे. ही मुलगी पुढची कित्येक वर्षं इतके तास पडद्यावर बसणार आहे की कुठल्याही नटाला ते जमलं नसेल. आणि ती टिकलीय. कारण ती स्थिर चित्र होती, टेप नव्हती.

आता एक वर्ष पुढे. २९ जुलै १९६८, सोमवारची रात्र. नायजेल नील यांनी लिहिलेलं 'द इयर ऑफ द सेक्स ऑलिम्पिक्स' हे नाटक बीबीसी टूवर लागलंय. नाव ऐकून दचकू नका. नाटक गंभीर आहे, अस्वस्थ करणारं आहे. भविष्यातला एक समाज, जिथे मूठभर लोक बाकीच्या जनतेला टीव्ही दाखवून थंड ठेवतात. प्रेक्षकांना कशाचीच गोडी वाटेनाशी होते तेव्हा नवी कल्पना निघते: एका कुटुंबाला ओसाड बेटावर सोडायचं आणि त्यांचं जगणं-मरणं चोवीस तास दाखवत राहायचं. 'बिग बॉस' पाहिलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको.

या रात्री तुम्ही एखाद्या रंगीत पेटीसमोर बसला असाल तर डोळे भरून बघून घ्या. दिग्दर्शक मायकेल एलियट यांनी ही दुनिया मुद्दाम भडक ठेवलीय. रंग हा इथे सजावटीचा भाग नाही, नाटकाचा अर्थच आहे. सुस्तावलेल्या समाजाला जागं ठेवायला रंगही ओरडावा लागतो. मी बजावतोय त्याला कारण आहे. ती रंगीत टेप पुढे राहिली नाही. तुमच्या काळात हे नाटक पाहायला मिळतं ते कृष्णधवल फिल्मवर. भडकपणावर लिहिलेलं नाटक, आणि भडकपणा तेवढा गेलेला.

१५ नोव्हेंबर १९६९ ला बीबीसी वन आणि आयटीव्ही या दोन्ही मोठ्या वाहिन्या रंगीत होतात. मध्यरात्र उलटताच रॉयल अल्बर्ट हॉलमधला पेटुला क्लार्कचा कार्यक्रम लागतो. तिथे रेंगाळायला आपल्याला वेळ नाही. आपल्याला तळघरात जायचंय.

पश्चिम लंडन, वुड लेन, बीबीसी टेलिव्हिजन सेंटर. वरती स्टुडिओ, खाली व्हिडिओ टेपचा विभाग. साल १९७०च्या थोडं पुढचं धरा. दार उघडताच आधी कानावर येते एक तीक्ष्ण, सलग किणकिण. कपाटाएवढी यंत्रं रांगेने उभी आहेत आणि प्रत्येकाच्या पोटात चार चुंबकी टोकांचं एक चक्र सेकंदाला २५० फेरे घेतंय. त्याला घासून जाणारी टेप दोन इंच रुंद आहे. एक रीळ उचलून बघा. दोन्ही हात लावावे लागतील. तासाभराच्या कार्यक्रमाला सव्वा किलोमीटरहून जास्त टेप लागते, आणि ती महाग आहे. खूप महाग. पण तिचा एक मोठा गुण मानला जातो: ती पुसून पुन्हा वापरता येते. शाळेतल्या पाटीसारखी.

भिंतीशी एक जाड टेबल दिसतं, त्याच्या पोटात विजेचं चुंबक. माणूस रीळ ठेवतो, फिरवतो, उचलतो. काही क्षणांचं काम. पाटी कोरी. त्याच्या हातात यादी आहे, यादीवर सह्या आहेत, आणि तो माणूस खलनायक नाही. त्याला विचारलंत तर तो नीट उत्तर देईल, आणि प्रत्येक उत्तर त्या वर्षी खरं असेल. नट आणि वादकांच्या संघटनांशी झालेल्या करारांमुळे कार्यक्रम मनाला येईल तितक्या वेळा पुन्हा दाखवता येत नाहीत. घराघरांत व्हिडिओ नाही, म्हणजे विकायचे कोणाला? फिल्मचं ग्रंथालय आहे, ते फिल्म सांभाळतं. टेप त्याच्या कक्षेत नाही. परदेशी विक्री करणाऱ्या खात्याला वाटतं, मूळ प्रत कोणीतरी ठेवत असेलच. त्यात रंग आल्यापासून जुने कृष्णधवल कार्यक्रम सगळ्यांना शिळे वाटू लागलेत. नव्याचं कौतुकच जुन्याच्या मुळावर आलंय. आणि नवं तरी कुठे वाचतंय? पुसायला ठेवलेल्या चळतीतल्या बऱ्याच रिळांवर रंगीत कार्यक्रमांची नावं आहेत.

पीटर कुक आणि डडली मूर या विनोदवीरांच्या 'नॉट ओन्ली... बट ऑल्सो'चा १९७०चा भाग-संच रंगीत होता. या टेप पुसणार असल्याचं कळल्यावर, नव्या टेपचे पैसे आम्ही देतो पण या राहू द्या, असं त्या दोघांच्या बाजूने सांगून झालं. नकार मिळाला. बाहेर जाऊन फिल्मवर घेतलेले तुकडे वाचले, स्टुडिओत टेपवर घेतलेलं गेलं. मला हा प्रसंग आठवला की अजून पोटात तुटतं. पैशाचा प्रश्न होता तर पैसे समोर आले होते. मग प्रश्न पैशाचा नव्हताच. उद्या कोणाला हे हवंसं वाटेल, ही कल्पनाच त्या इमारतीत अजून जन्मली नव्हती.

जाता जाता एका कॅमेरामनकडे नजर टाका. जानेवारी १९७३, 'टॉप ऑफ द पॉप्स'मध्ये डेव्हिड बोवी 'द जीन जिनी' गातोय. कॅमेऱ्यामागे जॉन हेनशॉल आहेत आणि त्यांनी स्वतःचं खास भिंग वापरलंय. आपलं काम आपल्यापाशी असावं एवढ्याच हेतूने ते दोन इंची टेपवर एक प्रत करून घेतात. बीबीसीची प्रत पुसली जाते. २०११ मध्ये लोकांना कळतं की हेनशॉल यांच्या घरी ती टेप जशीच्या तशी आहे.

आता तळघरातून निघायच्या आधी आणखी एका खोलीत डोकवा. इथे एका छोट्या कृष्णधवल पडद्यासमोर १६ मिलिमीटर फिल्मचा कॅमेरा रोखलाय. टेपवरचा रंगीत कार्यक्रम पडद्यावर चालू आहे आणि कॅमेरा तो फिल्मवर उतरवतोय. या प्रती परदेशी जाणार, जिथे अजून रंगीत टीव्ही नाही अशा देशांना. ब्रिटनमधली टेप पुसली जाईल. ही करडी नक्कल मात्र कुठल्यातरी फडताळात राहील.

जवळ जा. अजून जवळ, नाक काचेला टेकेल इतकं. दिसले? ते बारीक ठिपके. रंगाची ती नक्षी, जी साधा पडदा उलगडू शकत नाही. नियमाने ती गाळून टाकणारी गाळणी लावायला हवी, म्हणजे चित्र स्वच्छ येतं. आज ती लावलेली नाही. त्यामुळे रंगाचे ठिपके करड्या फिल्मवर उतरताहेत, फुटामागून फूट. खोलीतल्या कोणाला याची दखल नाही. सांगायचा मोह आवरा. तुम्ही बोललात तर ते गाळणी लावतील.

१९७८च्या सुमारास पुसणं थांबत जातं. बीबीसीत काय ठेवायचं याची निवड करणारा अधिकारी येतो, शोधाशोध सुरू होते. 'डॉक्टर हू' या मालिकेच्या काही भागांना १९९०च्या दशकात रंग परत मिळतो तो अमेरिकेतल्या एका घरगुती रेकॉर्डिंगमुळे: चित्र फिल्मचं, रंग त्या टेपचा, दोन्ही एकमेकांवर बसवलेले. पण घरगुती टेप सगळ्यांची नसते. जेम्स इन्सेल या बीबीसीतल्या तंत्रज्ञाच्या डोक्यात वेगळाच विचार येतो: ते ठिपके म्हणजे घाण नव्हे, तो रंगच आहे. फक्त वाचता यायला हवा.

म्हणून शेवटचा मुक्काम २००८. संगणकासमोरची एक खुर्ची. बीबीसीत वर्षानुवर्षं काम केलेले अभियंता रिचर्ड रसेल यांनी लिहिलेली प्रणाली चालू आहे. पडद्यावर 'डॅड्स आर्मी' या विनोदी मालिकेचा 'रूम ॲट द बॉटम' हा भाग. १९६९ साली हा रंगीत टेपवर चित्रित झाला, पण तो पहिल्यांदा दाखवला गेला तेव्हा बीबीसी वनवर रंग यायला महिना बाकी होता. नंतर टेप गेली. उरली ती करडी फिल्म, ठिपक्यांसकट.

आपल्या दारातली ठिपक्यांची रांगोळी आठवा. आधी ठिपके, मग रेघा, रंग सगळ्यांत शेवटी. इथेही तसंच, फक्त ठिपके ३९ वर्षांपूर्वी कोणीतरी नकळत घालून ठेवलेत. पडद्याची वक्रता, फिल्मचं आक्रसणं, सगळं सरळ करून प्रत्येक ठिपका त्याच्या मूळ जागी आणावा लागतो. ठिपका किती ठळक, यावरून रंग किती गडद ते कळतं. तो नेमका कुठे पडलाय, यावरून रंग कोणता ते. अडचण एकच: ठिपके सुटे वाचले तर चार शक्यता निघतात आणि चारांतली एकच खरी. संगणक चुकला की कॅप्टन मेनवारिंगचा चेहरा हिरवा होतो. दुसऱ्यांदा चुकला की निळा.

या भागात बिचाऱ्या मेनवारिंगचं कॅप्टनपद काढून घेतात. तो आपल्याच पलटणीत साधा शिपाई होतो. मेनवारिंग झालेले आर्थर लो ताठ उभे आहेत, मान किंचित वर. पुन्हा एक शक्यता लावून बघितली जाते. चित्र थरथरतं. गालांवर गुलाबी छटा येते, थोडी डागाळलेली, कडेला सांडलेली. मग गळ्याखाली हळूहळू गणवेश भरत जातो. डोळे दिपवणारं त्यात काही नाही. खाकी. मळकट, लोकरीची, १९६९च्या स्टुडिओतल्या दिव्यांखाली होती तीच खाकी.

१३ डिसेंबर २००८, शनिवार. बीबीसी टूवर तो भाग लागलाय, आणि तुम्ही कुणाच्या तरी दिवाणखान्यात सोफ्याच्या हातावर टेकला आहात. घरातले आजोबा चष्मा पुसतात, पुन्हा लावतात आणि खुर्ची जरा पुढे ओढतात.