इकोसाउंडर विदा प्रकारांचे रूपांतर

इकोसाउंडर विदा प्रकारांचे रूपांतर म्हणजे इकोसाउंडरने नोंदवलेल्या प्रतिध्वनींच्या मापनाचे एका भौतिक राशीतून दुसऱ्या राशीत केलेले गणिती परिवर्तन होय. इकोव्ह्यू, एलएसएसएस, ईएसपी३ तसेच पायथन भाषेतील इकोपाइप यांसारख्या सॉफ्टवेअरमध्ये हे रूपांतर केले जाते. त्यात केवळ फाइलचा साचा बदलत नाही, तर मोजलेल्या राशीचा अर्थही बदलतो. त्यामुळे चुकीचे रूपांतर झाल्यास माशांच्या साठ्याचा अंदाज मोठ्या प्रमाणात चुकू शकतो.

प्रमुख विदा प्रकार

* शक्ती: ट्रान्सड्यूसरला मिळालेल्या प्रतिध्वनीची शक्ती. सिमराडच्या ईके६० उपकरणाच्या फाइलमध्ये ती १६ बिटांच्या पूर्णांकांत साठवलेली असते. ठरावीक स्थिरांकाने गुणल्यावर डेसिबलमधील मूल्य मिळते.
* कोन: विभाजित शलाकेच्या उपकरणांत ट्रान्सड्यूसरच्या वेगवेगळ्या भागांवर पोहोचलेल्या ध्वनीच्या कलांतरावरून प्रतिध्वनीची दिशा कळते. नोंदवलेल्या विद्युत कोनाला कोन-संवेदनशीलतेने भागल्यास प्रत्यक्ष कोन मिळतो.
* घनफळीय पश्चप्रकीर्णन प्रबलता (एसव्ही): एक घनमीटर पाण्यातून ध्वनिस्रोताच्या दिशेने परत विखुरलेल्या ध्वनीचे माप. थवे आणि प्लवकांचे थर यांच्या अभ्यासात ही राशी वापरतात.
* लक्ष्य प्रबलता (टीएस): एकट्या माशाकडून किंवा वस्तूकडून परत येणाऱ्या ध्वनीचे माप.

या क्षेत्रातील संज्ञा आणि चिन्हे यांची सुसंगत मांडणी डेव्हिड मॅक्लेनन, पॉल फर्नांडिस आणि जॉन डालेन यांनी २००२ मध्ये आयसीईएस जर्नल ऑफ मरीन सायन्स या नियतकालिकात केली.

शक्तीपासून एसव्ही आणि टीएस

दोन्ही राशी सोनार समीकरणाने एकाच शक्तीपासून काढल्या जातात. अंतर मीटरमध्ये धरल्यास त्यांचे ढोबळ स्वरूप असे असते:

एसव्ही = शक्ती + २० लॉग (अंतर) + २ × शोषणगुणांक × अंतर − उपकरणाची स्थिर पदे

टीएस = शक्ती + ४० लॉग (अंतर) + २ × शोषणगुणांक × अंतर − उपकरणाची स्थिर पदे

एकट्या लक्ष्याकडे जाताना आणि तेथून परत येताना ध्वनीची तीव्रता प्रत्येक वेळी अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. म्हणून टीएसमध्ये ४० लॉग हे पद येते. थव्याच्या बाबतीत मात्र शलाका रुंदावत गेल्याने तिच्यात सामावणारे घनफळ अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते आणि निम्मी घट भरून निघते. १०० मीटर अंतरावर ही पदे अनुक्रमे ८० आणि ४० डेसिबल भरतात. स्थिर पदांत प्रक्षेपित शक्ती, तरंगलांबी आणि ट्रान्सड्यूसरची ग्रहणवृद्धी यांचा समावेश असतो. एसव्हीसाठी ध्वनीचा वेग, स्पंदाचा कालावधी आणि शलाकेचा घनकोनही लागतो. ग्रहणवृद्धी ज्ञात प्रबलतेच्या धातूच्या गोळ्याने कॅलिब्रेशन करून निश्चित केली जाते.

डेसिबल आणि रेषीय मूल्ये

डेसिबल हे लॉगॅरिथमी माप असल्याने त्यातील मूल्यांची थेट सरासरी काढता येत नाही. उणे ६० आणि उणे ७० डेसिबल या दोन एसव्ही मूल्यांची थेट सरासरी उणे ६५ येते. त्यांची रेषीय मूल्ये ०.०००००१ आणि ०.००००००१ असून त्यांची सरासरी ०.००००००५५, म्हणजेच सुमारे उणे ६२.६ डेसिबल आहे. थेट सरासरीने प्रतिध्वनी सुमारे ४२ टक्के कमी भरतो. म्हणून आधी रेषीय रूपांतर, मग सरासरी आणि शेवटी डेसिबलमध्ये पुनर्रूपांतर असा क्रम पाळतात.

माशांची घनता काढतानाही रेषीय मूल्यांचाच भागाकार करतात. सरासरी एसव्ही उणे ५० आणि एका माशाची सरासरी टीएस उणे ४० डेसिबल असल्यास घनता ०.१, म्हणजे दर १० घनमीटर पाण्यात सरासरी एक मासा, अशी येते. टीएस चुकून ३ डेसिबलने कमी धरल्यास घनता जवळपास दुप्पट दिसते आणि साठा आहे त्यापेक्षा मोठा वाटतो.

मर्यादा

सर्व रूपांतरे उलट दिशेने करता येत नाहीत. उपकरणाची मूल्ये ठाऊक असल्यास एसव्हीपासून शक्ती किंवा टीएस पुन्हा काढता येते. परंतु सरासरी काढलेल्या कप्प्यांतून मूळ नमुने परत मिळत नाहीत. एसव्हीमध्ये दिशेची माहिती नसल्याने तिच्यापासून कोन काढता येत नाहीत. कोनाशिवाय मासा शलाकेच्या मध्यभागी होता की कडेला, हे समजत नाही आणि टीएसमध्ये त्यानुसार दुरुस्ती करता येत नाही. शिवाय, टीएसच्या रूपात दाखवलेला प्रत्येक नमुना एकाच माशाचा असतो असे नाही. दाट थव्यात अनेक माशांचे प्रतिध्वनी एकमेकांत मिसळतात. त्यामुळे एकल लक्ष्ये ओळखण्याची स्वतंत्र प्रक्रिया आवश्यक ठरते.

ध्वनीचा वेग आणि शोषणगुणांक पाण्याच्या तापमानानुसार व क्षारतेनुसार बदलतात. ही मूल्ये नंतर सुधारल्यास रूपांतर पुन्हा करावे लागते. त्यामुळे मूळ फाइल जपून ठेवणे आणि रूपांतरासाठी वापरलेली मूल्ये नोंदवणे महत्त्वाचे मानले जाते.