क्वार्टरबॅकचे अपयश आणि माध्यमांचा न्याय : डोनोव्हन मॅकनॅब प्रकरण

अमेरिकन फुटबॉलमध्ये संघ हरला की पहिले बोट क्वार्टरबॅककडे दाखवले जाते आणि संघ जिंकला की पहिला हारही त्याच्याच गळ्यात पडतो. मैदानावर एका बाजूचे अकरा खेळाडू असले, तरी जयपराजयाचा हिशेब एकाच्या खात्यावर मांडला जातो. हा हिशेब मांडण्यात तेथील क्रीडामाध्यमांचा वाटा मोठा आहे. खेळाडूची सुमार कामगिरी, तिच्यावरील टीका आणि त्या टीकेमागील हेतू या तिन्हींची गल्लत झाली म्हणजे काय घडते, हे २००३ मध्ये फिलाडेल्फिया ईगल्सचा क्वार्टरबॅक डोनोव्हन मॅकनॅब याच्याबाबतीत दिसून आले. त्या वादाला दोन दशके उलटून गेली, तरी क्वार्टरबॅकविषयीच्या प्रत्येक नव्या चर्चेत त्याचे पडसाद उमटतात.

जबाबदारी एकाची, काम अकरांचे

या खेळाच्या नावात फुटबॉल असले तरी चेंडू बहुतांशी हातानेच खेळला जातो. मैदानाची लांबी शंभर यार्ड. चेंडू ताब्यात असलेल्या संघाला चार प्रयत्नांत किमान दहा यार्ड पुढे सरकावे लागते. न जमल्यास चेंडू प्रतिस्पर्ध्याकडे जातो. प्रत्येक प्रयत्नाची सुरुवात क्वार्टरबॅकच्या हाती चेंडू येण्याने होते. चेंडू सहकाऱ्याकडे फेकायचा, धावणाऱ्याच्या हाती सोपवायचा की स्वतःच घेऊन धावायचे, हे त्याला अवघ्या काही सेकंदांत ठरवावे लागते. समोरून धिप्पाड बचावपटू त्याच्या अंगावर चाल करून येत असतात.

त्याला ते सेकंद मिळवून देण्याचे काम पुढील फळीतील पाच खेळाडू करतात. त्यांची भिंत ढासळली, तर उत्तम क्वार्टरबॅकही जमिनीवर लोळतो. सहकाऱ्याच्या हाताला लागून उडालेला चेंडू प्रतिस्पर्ध्याने झेलला, तरी ती चूक क्वार्टरबॅकच्याच नावावर जमा होते. उलट, त्याने जेमतेम पाच यार्ड फेकलेला चेंडू घेऊन सहकारी ऐंशी यार्ड धावला, तर त्याचे श्रेयही क्वार्टरबॅकच्याच आकडेवारीत भर घालते.

नॅशनल फुटबॉल लीगने (एनएफएल) १९७३ पासून स्वीकारलेली ‘पासर रेटिंग’ ही मोजपट्टी याचे चांगले उदाहरण आहे. यशस्वी पासची टक्केवारी, दर प्रयत्नामागे मिळालेले यार्ड, टचडाऊनचे प्रमाण आणि प्रतिस्पर्ध्याने झेललेल्या पासचे प्रमाण या चार घटकांवरून हा आकडा काढला जातो. त्याची कमाल मर्यादा १५८.३ आहे. क्वार्टरबॅक स्वतः किती धावला, हे त्यात धरले जात नाही. बचावपटूंनी त्याला किती वेळा पाडले, हेही नाही. ईएसपीएन या क्रीडावाहिनीने २०११ मध्ये आणलेल्या ‘टोटल क्यूबीआर’ या मोजपट्टीत या बाबींचा समावेश झाला. मॅकनॅबच्या उमेदीच्या काळात मात्र बहुतेक वादविवाद जुन्याच आकड्यावर लढवले जात.

एक दिवस खेळ, सहा दिवस चर्चा

या वादांना खेळाच्या वेळापत्रकामुळे खतपाणी मिळते. एनएफएलमध्ये संघ साधारणतः आठवड्यातून एकच सामना खेळतो. साखळीत त्या काळी प्रत्येक संघाच्या वाट्याला १६ सामने येत. २०२१ पासून ते १७ झाले. एका रविवारपासून पुढच्या रविवारपर्यंतचे दिवस भरून काढण्याचे काम रेडिओ आणि दूरचित्रवाणीवरील चर्चा करतात. न्यूयॉर्कमध्ये १९८७ साली ‘डब्ल्यूएफएएन’ हे केवळ क्रीडाविषयक रेडिओ केंद्र सुरू झाले आणि पाठोपाठ इतर शहरांनी तो कित्ता गिरवला. फिलाडेल्फियातील ‘डब्ल्यूआयपी’ हे त्यांपैकीच एक. श्रोत्यांनी दूरध्वनी करावा, खेळाडूची खरडपट्टी काढावी आणि निवेदकाने त्यात तेल ओतावे, असा या कार्यक्रमांचा रिवाज. दोन सामन्यांवरून अखेरचा निष्कर्ष काढता येत नाही, हे सर्वांना ठाऊक असते. परंतु ‘थोडे थांबून पाहू’ या वाक्यावर तासाभराचा कार्यक्रम उभा राहत नाही.

मॅकनॅबचे स्वागतच या वातावरणात झाले. १९९८ च्या हंगामात ईगल्सने १६ पैकी केवळ तीन सामने जिंकले होते. एप्रिल १९९९ मध्ये झालेल्या खेळाडूंच्या निवडीत, म्हणजे ‘ड्राफ्ट’मध्ये, ईगल्सने दुसऱ्या क्रमांकावर सिराक्यूज विद्यापीठाच्या मॅकनॅबला निवडले. टेक्सास विद्यापीठाचा धावपटू रिकी विल्यम्स संघात यावा, अशी अनेक चाहत्यांची इच्छा होती. ‘डब्ल्यूआयपी’च्या पुढाकाराने न्यूयॉर्कला गेलेल्या चाहत्यांच्या गटाने मॅकनॅबचे नाव पुकारताच हुर्यो उडवली. संघासाठी एकही सामना खेळण्यापूर्वी त्याच्या वाट्याला आलेली ही नाराजी पुढे अकरा वर्षे पुरती कधीच ओसरली नाही.

मैदानावरील त्याची कामगिरी मात्र संघाचे रूप पालटणारी ठरली. २००१ ते २००४ या सलग चार हंगामांत ईगल्सने नॅशनल कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यापर्यंत मजल मारली. नोव्हेंबर २००२ मध्ये ॲरिझोनाविरुद्धच्या सामन्याच्या आरंभीच त्याच्या घोट्याचे हाड मोडले. तरीही त्याने खेळ सोडला नाही आणि चार टचडाऊन पास टाकून सामना जिंकून दिला. हाड मोडल्याचे निदान नंतर झाले.

२८ सप्टेंबर २००३

२००३ चा हंगाम उजाडला तेव्हा ईगल्सकडून मोठ्या अपेक्षा होत्या. नव्या ‘लिंकन फायनान्शियल फील्ड’ मैदानावर ८ सप्टेंबरला झालेल्या पहिल्याच सामन्यात टॅम्पा बेने ईगल्सचा १७-० असा फडशा पाडला. दुसऱ्या सामन्यात न्यू इंग्लंडने ३१-१० अशी धूळ चारली. दोन सामन्यांत मिळून केवळ दहा गुण. मॅकनॅबचा नेम चुकत होता, त्याची लय हरवली होती आणि टीकाकारांना विषय मिळाला होता. इथवरची टीका रास्तच म्हणावी लागेल.

२८ सप्टेंबरला ईएसपीएनवरील ‘संडे एनएफएल काउंटडाऊन’ या कार्यक्रमात या टीकेने वेगळे वळण घेतले. पुराणमतवादी राजकीय निवेदक म्हणून देशभर प्रसिद्ध असलेले रश लिम्बॉ यांना वाहिनीने त्याच वर्षी या कार्यक्रमात घेतले होते. मॅकनॅब मुळातच फारसा चांगला खेळाडू नाही. कृष्णवर्णीय क्वार्टरबॅक यशस्वी व्हावा अशी माध्यमांची तीव्र इच्छा असल्याने त्याचे कौतुक झाले आणि बचावफळीच्या कामगिरीचे श्रेय त्याला मिळाले, असा त्यांच्या विधानाचा आशय होता. त्याच दिवशी ईगल्सने बफेलोला २३-१३ असे हरवले. पण पुढील दिवसांत चर्चा झाली ती या विधानाचीच.

राष्ट्रीय दूरचित्रवाणीवर असे ऐकून धक्का बसल्याचे मॅकनॅबने सांगितले. अध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी इच्छुक असलेल्या काही डेमोक्रॅटिक नेत्यांनी लिम्बॉ यांच्या हकालपट्टीची मागणी केली. वाहिनीने प्रारंभी त्यांची पाठराखण केली. मात्र १ ऑक्टोबरच्या रात्री लिम्बॉ यांनी राजीनामा दिला. आपले वक्तव्य वर्णद्वेषी नव्हते, रोख माध्यमांवर होता, ही भूमिका त्यांनी सोडली नाही. ५ ऑक्टोबरच्या कार्यक्रमात माजी खेळाडू टॉम जॅक्सन यांनी सहकाऱ्यांच्या वतीने नापसंती व्यक्त केली. परंतु विधान झाले त्या क्षणी मंचावरील कोणीही त्यातील वर्णाच्या मुद्द्याला ठामपणे अडवले नव्हते, ही बाब टीकाकारांच्या नजरेतून सुटली नाही.

वादाला दुसरी बाजूही होती. ‘स्लेट’ या नियतकालिकात क्रीडालेखक ॲलन बारा यांनी, मॅकनॅबला अवाजवी महत्त्व मिळते हे लिम्बॉ यांचे म्हणणे बरोबर असल्याचे प्रतिपादन केले. २००२ मध्ये मॅकनॅब जायबंदी असताना राखीव क्वार्टरबॅकच्या बळावर ईगल्सने साखळीतील उरलेल्या सहापैकी पाच सामने जिंकले होते, हा टीकाकारांच्या हातातील भक्कम पुरावा होता. क्रीडादृष्ट्या हा युक्तिवाद करता येण्याजोगा होता. पण एखादा खेळाडू किती चांगला आहे हा एक प्रश्न झाला. त्याला चांगले म्हणणारे तसे का म्हणतात हा अगदी वेगळा. पहिल्याचे उत्तर सामन्यांतून शोधता येते. दुसऱ्यासाठी लोकांच्या मनात शिरावे लागते, आणि लिम्बॉ यांनी तेथील निष्कर्ष पुराव्याविना काढला होता.

जखम जुनी

या विधानाने एवढा क्षोभ का उसळला, हे समजण्यासाठी मागे जावे लागते. क्वार्टरबॅकच्या जागेसाठी बुद्धी आणि नेतृत्व लागते व ते कृष्णवर्णीयांकडे नसते, असा समज अमेरिकन फुटबॉलमध्ये कित्येक दशके घट्ट होता. महाविद्यालयात या जागी चमकलेल्या कृष्णवर्णीय खेळाडूंना व्यावसायिक संघ दुसऱ्या जागी खेळायला लावत. मार्लिन ब्रिस्को याने १९६८ मध्ये डेन्व्हरकडून पदार्पणातच १४ टचडाऊन पास टाकले. तरी पुढील कारकीर्द त्याला पास झेलणारा खेळाडू म्हणून काढावी लागली. वॉरन मूनला १९७८ च्या ड्राफ्टमध्ये कोणीच निवडले नाही. तो कॅनडात गेला, एडमंटनला सलग पाच अजिंक्यपदे जिंकून देण्यात सहभागी झाला आणि १९८४ मध्ये ह्यूस्टनकडून एनएफएलमध्ये दाखल झाला. २००६ मध्ये त्याचा ‘हॉल ऑफ फेम’मध्ये समावेश झाला. सुपर बाऊलमध्ये सुरुवातीपासून खेळलेला पहिला कृष्णवर्णीय क्वार्टरबॅक डग विल्यम्स. वॉशिंग्टनच्या या खेळाडूने जानेवारी १९८८ मध्ये एकाच सत्रात चार टचडाऊन पास टाकले आणि डेन्व्हरविरुद्धच्या ४२-१० या विजयात सर्वोत्कृष्ट खेळाडूचा मान मिळवला. ज्यांना संधीच नाकारली गेली, त्यांच्या वारसाला ‘तुला सवलत मिळते’ असे सुनावणे म्हणूनच जिव्हारी लागले.

दोन्हीकडून मार

मॅकनॅबने उत्तर मैदानावर दिले. २००३ मध्ये ईगल्सने १२ सामने जिंकले. २००४ मध्ये त्याने ३१ टचडाऊन पास टाकले आणि त्याचे केवळ आठ पास प्रतिस्पर्ध्यांनी झेलले. एका हंगामात तीसहून अधिक टचडाऊन आणि दहापेक्षा कमी चुका हा मेळ त्यापूर्वी कोणालाही साधला नव्हता. सुपर बाऊलमध्ये मात्र न्यू इंग्लंडने ईगल्सला २४-२१ असे हरवले. मॅकनॅबने त्या सामन्यात ३५७ यार्डांचे पास टाकले, पण तीन पास प्रतिस्पर्ध्यांच्या हाती गेले.

पुढच्याच वर्षी संघसहकारी टेरेल ओवेन्स याने, ब्रेट फार्व्ह क्वार्टरबॅक असता तर संघाची स्थिती बरी असती, या मताला जाहीर दुजोरा दिला. डिसेंबर २००५ मध्ये कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या ‘एनएएसीपी’ या संघटनेचे फिलाडेल्फियातील प्रमुख व्हायट मॉन्डेसायर यांनी, मॅकनॅब आता पूर्वीसारखा धावत नाही आणि वर्णाची ढाल पुढे करतो, असे लिहिले. शस्त्रक्रियेमुळे मॅकनॅब तेव्हा हंगामाबाहेर होता. एका गटाला त्याच्या यशात वर्ण दिसला, दुसऱ्याला त्याच्या खेळाच्या शैलीत. त्याच्या पासचा नेम हा विषय बाजूलाच राहिला.

त्याच्या उणिवा खऱ्याही होत्या. नोव्हेंबर २००८ मध्ये सिनसिनाटीविरुद्धचा सामना १३-१३ असा बरोबरीत सुटला, तेव्हा सामना असा संपू शकतो हे आपल्याला ठाऊक नव्हते, अशी कबुली देऊन तो हास्यास्पद ठरला. पुढच्या सामन्यात प्रशिक्षक अँडी रीड यांनी त्याला मध्यंतरालाच खाली बसवले. त्यानंतर अवघ्या चार दिवसांनी त्याने चार टचडाऊन पास टाकून ॲरिझोनाला ४८-२० असे नमवले आणि त्या हंगामात संघ पुन्हा कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यात पोहोचला. एप्रिल २०१० मध्ये ईगल्सने त्याला वॉशिंग्टनकडे धाडले. २०११ मध्ये मिनेसोटाकडून खेळून त्याची कारकीर्द संपली. ३७,२७६ यार्ड आणि २३४ टचडाऊन पास ही त्याची एकूण कमाई. २०१३ मध्ये ईगल्सने त्याचा पाच क्रमांक सन्मानपूर्वक निवृत्त केला.

नंतरचा काळ

चित्र आता बरेच पालटले आहे. २०१८ च्या ड्राफ्टपूर्वी, क्वार्टरबॅक लामार जॅक्सनने पास झेलणाऱ्याच्या जागी खेळावे, असा सल्ला माजी संघव्यवस्थापक बिल पोलियन यांनी ईएसपीएनवरून दिला होता. २०१९ मध्ये जॅक्सन एकमताने लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि पोलियन यांनी आपला अंदाज चुकल्याचे मान्य केले. फेब्रुवारी २०२३ मध्ये कॅन्सस सिटीचा पॅट्रिक महोम्स आणि ईगल्सचा जालेन हर्ट्स यांच्या रूपाने सुपर बाऊलच्या इतिहासात प्रथमच दोन्ही बाजूंना कृष्णवर्णीय क्वार्टरबॅक उतरले. कॅन्सस सिटीने तो सामना ३८-३५ असा जिंकला. त्यांचे प्रशिक्षक होते मॅकनॅबला घडवणारे अँडी रीड.

त्यानंतरच्या हंगामात ईगल्सची घसरण झाली आणि हर्ट्सवरही फिलाडेल्फियात तशीच झोड उठली. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्याच हर्ट्सने कॅन्सस सिटीविरुद्ध ४०-२२ असा विजय मिळवून सर्वोत्कृष्ट खेळाडूचा मान पटकावला. शहर तेच, संघ तोच आणि टीकेचा सूरही जवळपास तोच. फरक इतकाच, की या वेळी वाद बहुतांशी पासचा नेम, डावपेच आणि प्रशिक्षकांचे निर्णय यांभोवती फिरला. क्वार्टरबॅकला टीकेपासून सवलत कोणी मागितलेली नाही आणि मॅकनॅबनेही ती मागितली नव्हती. खेळाडूचे मोजमाप त्याच्या खेळावरून व्हावे, एवढीच त्या २००३ च्या वादातील रास्त मागणी होती.