चांद्याचं सूत आणि कातणारणीची मजुरी

हातसुताचे पायमोजे विणायचे तर सूत दोनपदरी करावं लागतं. एकेरी सुताचा पीळ एकाच अंगाचा, मोजा तिरका होत जातो. आपल्या चांद्याचं सूत मात्र सुयांसाठी नव्हतंच; ते मागावर जायचं, लुगड्याधोतरांत. आम्ही चांदा म्हणतो तेव्हा जुना जिल्हा समजावा. गडचिरोली त्यातून 1982 साली वेगळी झाली.

हे सूत किती बारीक होतं? इंग्रजी अमदानीतली नोंद आहे: नागपूरच्या प्रदर्शनात चांद्याकडचं असं सूत मांडलं होतं की एक रत्तल सूत 117 मैल पुरावं! आता हिशोब करू. एका रत्तलात 840 वारांच्या जितक्या लड्या, तितका सुताचा नंबर. 117 मैल म्हणजे 2,05,920 वार. नंबर आला 245. खादीचं रोजचं सूत दहा-वीस नंबरचं असतं, एवढं लक्षात घेतलं की पुरे. आणि हे कातणारी कुटुंबं प्रामुख्याने महार समाजातली. ज्यांच्या हाताचं पाणी गावाला चालत नव्हतं, त्यांच्या हाताचं सूत गावाच्या अंगावर चालत होतं. आम्ही आयुष्यभर वर्गात कांट शिकवला, वस्तूला किंमत असते आणि माणसाला प्रतिष्ठा, हा त्याचा भेद. गावाने तो बरोब्बर उलटा केला होता.

पुढची गोष्ट ठाऊकच आहे. 1867 साली रेल्वे नागपूरला आली, 1877 साली एम्प्रेस मिल सुरू झाली. कोष्ट्याला गिरणीचं सूत स्वस्त पडू लागलं. माग काही काळ टिकला, चरखा आधी गेला.

तो परत आला खादीबरोबर. मूलहून गडचिरोलीकडे जाताना, वैनगंगेच्या अलीकडे सावली लागते. तिथे खादीचं मोठं केंद्र उभं राहिलं. पण कातणारणीला दिवसभर कातून मिळायचं काय? आणा-दीड आणा. खादी आधीच महाग, त्यात मजुरी वाढवली तर घेणार कोण, असं कार्यकर्ते म्हणत. चुकीचंही नव्हतं ते, दुकान त्यांनाच चालवायचं होतं ना! गांधीजींनी 1935 साली हा हिशोबच उलटवला. आठ तासांच्या कामाला आठ आणे द्या, म्हणाले. त्याच वर्षी ऑक्टोबरात वर्ध्याला चरखा संघाने ठराव केला: मजुरी बाजारभावाने नव्हे, तर कातणारणीला पोटभर सकस अन्न आणि वर्षाला वीस वार कापड मिळेल अशी ठरवायची. तिने स्वतः खादी वापरावी, हाही आग्रह होता. तोवर खादी कातणारीला खादीच परवडत नव्हती, हे त्यातून उघड झालं.

आठ आणे काही झाले नाहीत. तीन आण्यांच्या आसपास गाडी पोचली, तीही टप्प्याटप्प्याने. 1936 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये गांधी सेवा संघाचं अधिवेशन याच सावलीत भरलं. गांधीजी तेव्हा इथे राहिले. देशभरचे कार्यकर्ते इथे आठवडाभर बसून सेवेची चर्चा करत होते, आणि आसपासच्या खेड्यांत चरखे नव्या दराने फिरत होते. वाढलेले पैसे अर्थातच शहरातल्या गिऱ्हाइकाच्या खिशातून यायचे होते, आणि ते घासाघीस करतच होतं.