शेताचे नाव आणि रस्त्याकडचा फलक

गेल्या पावसाळ्याआधी आमच्या वाटेवरच्या वडाच्या मरडात एक भला मोठा फलक उभा राहिला. निळा समुद्र, दोन माड आणि खाली इंग्रजी नाव. तिथून समुद्र दिसत नाही, ही गोष्ट वेगळी. त्या मरडात माझी आजी कापणीला जायची. फलकावर 'वडाचे मरड' कुठेच नव्हते.

मी पडलो सरकारी कारकून. सवयीने एक-चौदाचा उतारा काढून पाहिला. सर्व्हे नंबरच्या आधी 'शेताचे नाव' असा रकाना असतो. त्यात जुने नाव अजून होते. मला बरे वाटले आणि वाईटही वाटले. जे नाव गावाच्या तोंडी होते, ते आता कागदावर राहिले.

आपल्याकडे जमिनीची वाटणी काही नवी नाही. पण पूर्वी गावकारीत जमीन वाटत नसत, उत्पन्न वाटत. शेते पावणीने कसायला द्यायची, त्या पैशांतून सरकारची पट्टी, देवळाचा आणि बांधाचा खर्च भागवायचा, उरेल ते गावकारांनी वाटून घ्यायचे. १५२६ साली अफोंसो मेशिया या पोर्तुगीज अधिकाऱ्याने 'फोराल' लिहून काढला, तो गावकारांच्या याच रीतिरिवाजांचा. म्हणजे रीत त्याच्याही आधीची. पुढे कोमुनिदाद संहिता आली आणि गावकार आपल्याच गावात हळूहळू भागधारक झाला.

खाजगी भाटांची गोष्ट निराळी. १८६७ची पोर्तुगीज नागरी संहिता गोव्यात लागू झाली, तिने मुलगा-मुलगी असा भेद न करता वारसा दिला. कायदा चांगलाच, पण पिढ्या वाढल्या तसे हिस्से लहान होत गेले. मुक्तीनंतर १९६४चा कूळ कायदा आला, १९७५चा मुंडकार कायदा आला, आणि १९७६च्या दुरुस्तीने कसणारे कूळ जमिनीचे मालक ठरले. अशी कुळांकडे आलेली शेती शेतीच राहावी म्हणून १९९१ साली आणखी एक कायदा करावा लागला. या सगळ्या वाटण्यांमागे माणूस होता. कोणी कसणारा, कोणी राहणारा.

प्लॉटची वाटणी मात्र तशी नाही. तिथे आधी नकाशा असतो, माणूस मागाहून येतो. २००६ साली आलेला प्रादेशिक आराखडा लोकांनी रस्त्यावर उतरून २००७ साली मागे घ्यायला लावला, त्याच्या मुळाशी हीच भीती होती. एकदा जमीन तुकडे होऊन गेली की ती परत शेत होत नाही.

मग फलकाचे काय? २०१६च्या स्थावर संपदा कायद्याप्रमाणे पाचशे चौरस मीटरपेक्षा मोठ्या जमिनीवर प्लॉट पाडून विकायचे तर आधी नोंदणी हवी, त्याशिवाय जाहिरात करता येत नाही. पण ग्रामसभेत फलकाची चर्चा निघते तेव्हा लांबी, रुंदी आणि फी यापलीकडे ती जात नाही.

मला वाटते, आपल्या पंचायतींनी एवढेच मागावे: जमीन विकणाऱ्या प्रत्येक फलकावर सर्व्हे नंबर, सनदेचा क्रमांक आणि एक-चौदावरचे शेताचे नाव देवनागरीत असावे. १९८७च्या राजभाषा कायद्याने कोकणीला देवनागरीतच राजभाषा केले आणि मराठीलाही वापरात जागा दिली. मग रस्त्याकडच्या फलकालाच ती लिपी जड का व्हावी?

नाव लिहिल्याने शेत वाचणार नाही, हे मला कळते. पण घेणाऱ्याला निदान कळेल, आपण कुठे राहायला आलो. आणि विकणाऱ्यालाही कळेल, आपण काय विकले.

वाचकहो, एकदा आपल्या घरचा उतारा काढा. त्या रकान्यात काय लिहिले आहे ते मुलांना मोठ्याने वाचून दाखवा.