भीमेकाठचा परदेशी विरही

पुणे जिल्ह्यातील शिरूर आणि दौंड ह्या तालुक्यांच्या मधून भीमा वाहते. दोनशे वर्षांपूर्वी ह्या मुलखातून फौजांची सतत ये-जा असे. ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने वसईचा तह केला आणि इंग्रजांची तैनाती फौज पेशवाईत आली. तिची छावणी घोडनदीच्या काठी शिरूरला वसली. तेथे १८०९ साली निवर्तलेल्या कर्नल वॉलेसच्या थडग्याला गावकऱ्यांनी ‘सत्पुरुष’ म्हणून मान दिला.

हा वॉलेस ज्याच्या हाताखाली लढला, तो सेनापती म्हणजे आर्थर वेलस्ली, पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन. १८२९ साली इंग्लंडचा पंतप्रधान असताना कॅथलिकांना पार्लमेंटचे दार उघडून देणारा कायदा त्यानेच संमत करून घेतला. एप्रिल १८०३ मध्ये तो बारामतीच्या बाजूने घोडदळासह निघाला आणि साठ मैलांची मजल बत्तीस तासांत मारून २० तारखेला पुण्यास पोहोचला. १२ ऑगस्टला नगरचा किल्ला पडला. २३ सप्टेंबरला असईची लढाई झाली. हे विजय सर्वांना ठाऊक आहेत. त्या चौतीस वर्षांच्या सेनानीच्या अंतरी एक जुना पराभव सलत होता, हे फारसे कोणी सांगत नाही.

आयर्लंडमधील लॉर्ड लाँगफर्डची कन्या किटी पाकनम हिच्यावर त्याचे प्रेम होते. १७९३ साली त्याने तिला मागणी घातली. हा कर्जबाजारी धाकटा मुलगा तिच्या भावाला पसंत पडला नाही. नकार मिळताच आर्थरने आपली आवडती व्हायोलिने जाळून टाकली. १७९७ च्या आरंभी तो कलकत्त्यास उतरला. जाण्यापूर्वी त्याने तिला कळविले होते की, परिस्थिती पालटली तरी आपले मन पालटणार नाही.

तेव्हा विलायतेचे पत्र केप ऑफ गुड होपला वळसा घालून येई. त्यास पाच-सहा महिने लागत. किटीच्या मैत्रिणीने पत्रातून तिची आठवण करून दिली, तेव्हा ते दुःख कालचेच असावे इतके ताजे आहे, असे त्याने उत्तर दिले. तिकडे किटीने दुसरा एक विवाह ठरवून मोडला. तिची प्रकृतीही ढासळली.

१८०५ साली आर्थर कीर्ती आणि पैसा मिळवून मायदेशी परतला. किटीला एकदाही न भेटता त्याने पत्रानेच पुन्हा मागणी घातली. १० एप्रिल १८०६ रोजी डब्लिन येथे विवाह झाला. बारा वर्षांनी समोर आलेली वधू त्याला ओळखीची वाटली नाही. संसार पंचवीस वर्षे टिकला, पण सुखाचा झाला नाही.

विरहाने प्रेम शुद्ध होते, असे आपल्याकडे मानतात. आम्हाला ह्या कथेवरून वेगळे वाटते. विरह निष्ठा जपतो. परंतु ती निष्ठा पुष्कळदा एका चित्रावर असते. चित्राचे वय वाढत नाही, माणसाचे वाढते. भीमेकाठी आर्थरने जी किटी मनात बाळगली, ती १७९३ सालची होती.

त्याच्या फौजेत मद्रास इलाख्यातील हजारो शिपाई होते. त्यांचीही माणसे दूर होती. त्यांच्या विरहाला इतिहासात जागा मिळाली नाही. आमच्या आयाबहिणींनी मात्र मुलखाबाहेर गेलेल्यांची वाट पाहणे जात्यावरच्या ओव्यांत जपून ठेवले.

१८३१ साली किटी मृत्युशय्येवर होती. सांगतात की, तिने पतीच्या बाहीखाली हात घालून पाहिले. पूर्वी तिनेच दिलेला ताईत त्याच्या दंडावर होता. पुढे तो म्हणाला, की गेल्या वीस वर्षांत तिने केव्हाही पाहिले असते, तरी तो तेथेच सापडला असता.

दोघांनाही एकमेकांजवळ येऊन पाहायचे राहून गेले. सात समुद्रांचे अंतर जहाजाने तुटले. एका घरातले अंतर पंचवीस वर्षे तसेच राहिले.