रक्तातला आजार आणि १९३३चा कायदा

बायपोलर, म्हणजेच द्विध्रुवी विकार आनुवंशिक असतो का? १४ जुलै १९३३ रोजी नाझी जर्मनीने या प्रश्नाचे उत्तर कायद्यानेच देऊन टाकले : हा आजार सक्तीच्या नसबंदीच्या यादीत घातला गेला. कायद्याचे भाष्य लिहिणाऱ्यांपैकी एक होते मानसोपचारतज्ज्ञ एर्न्स्ट रूडिन. याच रूडिन यांनी १९२०च्या दशकात अशा रुग्णांची कुटुंबे अभ्यासली होती. मेंडेलचे सोपे गणित तेथे जुळले नाही. तो अभ्यास त्यांनी प्रसिद्धच केला नाही.

आज आपल्याला ठाऊक आहे की आजाराचा धोका अनेक जनुकांतून थोडाथोडा उतरतो. आई किंवा वडिलांना तो असला, तरी दहांपैकी सुमारे नऊ अपत्यांना होत नाही. हे उमगण्यापूर्वीच, यादीतील विविध आजारांच्या नावाखाली, सुमारे ४ लाख माणसांची नसबंदी होऊन गेली होती.