नोंदणीकृत परिचारिका: व्यावसायिक भूमिका आणि आत्मविश्वास कसा बळकट करावा?

डॉक्टर राऊंडला येतात, रुग्णाला तपासतात आणि पुढच्या वॉर्डकडे जातात. बाकीचे सगळे तास रुग्णाजवळ परिचारिका असते. म्हणूनच प्रकृती बिघडू लागल्याची पहिली चिन्हे बहुधा तिलाच दिसतात. पण ‘रात्रीचे दोन वाजलेत, सरांना उठवू का? ओरडले तर?’ या विचारात अर्धा-एक तास गेला, तर रक्तस्राव किंवा जंतुसंसर्ग झालेल्या रुग्णासाठी तो उशीर जीवघेणा ठरू शकतो. परिचारिकेचा आत्मविश्वास हा त्यामुळे रुग्णाच्या सुरक्षिततेचा प्रश्न आहे. तो कसा वाढवावा, हे या लेखात समजून घेऊ. यातील सर्व मुद्दे परिचारकांनाही, म्हणजे वॉर्डातल्या ‘ब्रदर’नाही, तितकेच लागू आहेत.

नोंदणीचा अर्थ काय?

तीन वर्षांचा जीएनएम किंवा चार वर्षांचा बी.एस्सी. नर्सिंग अभ्यासक्रम पूर्ण केल्यावर राज्य परिषदेकडे नोंदणी करावी लागते. महाराष्ट्रात हे काम महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिल करते. नोंदणीमुळे तुम्हाला काम करण्याचा अधिकार मिळतो आणि त्याबरोबर जबाबदारीही येते. तुम्ही दिलेले औषध, केलेले निरीक्षण आणि लिहिलेली नोंद यांना तुम्ही स्वतः उत्तरदायी असता. ‘डॉक्टरांनी सांगितले म्हणून केले’ हे उत्तर नोंदणीकृत परिचारिकेला नेहमीच पुरत नाही.

परिचर्येचे स्वतःचे शास्त्र

शय्याव्रण म्हणजेच बेडसोअर टाळणे हे याचे चांगले उदाहरण आहे. रुग्णाची कूस ठरावीक वेळाने बदलणे, माकडहाड व टाचांवरची त्वचा रोज पाहणे, अंथरूण कोरडे ठेवणे आणि पोटात पुरेसे अन्न जाते ना हे बघणे यासाठी डॉक्टरांच्या आदेशाची वाट पाहावी लागत नाही. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर १९७३ साली हल्ला झाला. त्यानंतर २०१५ साली मृत्यू होईपर्यंत त्या अंथरुणालाच खिळून होत्या. त्या सगळ्या काळात तिथल्या परिचारिकांनी पिढ्यानपिढ्या त्यांची शुश्रूषा केली. २०११ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने या सेवेचे कौतुक केले आणि अरुणा यांच्या वतीने बोलण्याचा हक्क केईएमच्या कर्मचाऱ्यांचाच असल्याचे मान्य केले. रोजची काळजी जो घेतो, त्याच्या शब्दाला वजन असते.

आकड्यांचा आधार घ्या

‘पेशंट बरा वाटत नाही’ हे तुमचे निरीक्षण खरे असू शकते. पण आकडे जोडले की ते ठाम होते. ब्रिटनमधील रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१२ साली ‘नॅशनल अर्ली वॉर्निंग स्कोअर’ ही पद्धत आणली आणि २०१७ साली ती सुधारली. श्वासाचा वेग, ऑक्सिजनची पातळी, ऑक्सिजन लावला आहे का, वरचा रक्तदाब, नाडी, शुद्धी आणि ताप या सात गोष्टींना गुण दिले जातात. बेरीज ५ किंवा जास्त आली, तर डॉक्टरांनी तातडीने पाहावे. ७ किंवा जास्त आली, तर ती आणीबाणी समजावी. १६ वर्षांखालील मुले आणि गर्भवती यांच्यासाठी मात्र ही पद्धत नाही.

एक उदाहरण पाहा. शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाचा श्वास मिनिटाला २२, ऑक्सिजन न लावता पातळी ९५ टक्के, रक्तदाब ९८/६०, नाडी ११६, ताप ९९.६ अंश फॅरनहाइट, आणि रुग्ण नीट बोलतो आहे. सुटा पाहिला तर यातला एकही आकडा फार भीतिदायक वाटत नाही. गुण मात्र अनुक्रमे २, १, २, २ आणि ० असे मिळून ७ होतात. म्हणजे डॉक्टरांना आत्ताच बोलवायला हवे. तुमच्या रुग्णालयात हा तक्ता नसेल, तरी आधीच्या आणि आताच्या आकड्यांतला फरक सांगता येतोच.

फोनवर काय बोलावे?

घाबरल्यावर वाक्ये विस्कळीत होतात. त्यासाठी चार पायऱ्या पाठ ठेवा. ही पद्धत अमेरिकी नौदलाच्या पाणबुड्यांवरून रुग्णालयांत आली.

• परिस्थिती: आधी स्वतःचे नाव सांगा. मग, “सर, पुरुष सर्जरी वॉर्डमधून बोलतेय. १२ नंबर खाटेवरच्या पेशंटचे बीपी ९८/६० झाले आहे, नाडी ११६ आहे.”
• पार्श्वभूमी: “काल दुपारी आतड्याचे ऑपरेशन झाले. रात्री दहाला बीपी १२०/८० आणि नाडी ८८ होती.”
• अंदाज: “वजन ६० किलो आहे आणि दोन तासांत लघवी फक्त ३५ मिली झाली आहे. आत रक्तस्राव होत असावा किंवा इन्फेक्शन असावे, असे मला वाटते.”
• अपेक्षा: “तुम्ही लगेच येऊन पाहा. तोपर्यंत मी काय सुरू करू?”

बऱ्याच परिचारिका शेवटच्या दोन पायऱ्या गाळतात. ‘निदान सांगणे आपले काम नाही’ असे त्यांना वाटते. पण अंदाज सांगणे म्हणजे निदान करणे नव्हे. ऐकणाऱ्या डॉक्टरला त्यातून गांभीर्य कळते.

आदेश चुकीचा वाटला तर?

समजा, घाईत कुणी पोटॅशियम क्लोराइडचे अँप्यूल थेट शिरेत द्यायला सांगितले. हे औषध नेहमी पातळ करून, सावकाश द्यायचे असते. थेट दिल्यास हृदय बंद पडू शकते. अशा वेळी तीन पायऱ्यांनी बोला.

१. “सर, मला याची काळजी वाटते.”
२. “असे देणे मला योग्य वाटत नाही.”
३. “हे सुरक्षित नाही. मी असे देऊ शकत नाही.”

तरीही आग्रह झाला, तर इन्चार्ज सिस्टर आणि वरिष्ठ डॉक्टरांना लगेच कळवा. आवाज चढवण्याची गरज नाही, पण थांबण्याची आहे. तोंडी किंवा फोनवरचा आदेश लिहून घ्या आणि तो परत वाचून दाखवा.

नोंद लगेच करा

किती वाजता काय दिसले, कुणाला कळवले, त्यांनी काय सांगितले आणि पुढे काय झाले, हे त्याच वेळी लिहा. ‘डॉक्टरांना कळवले’ एवढे पुरेसे नाही. ‘२.१० वाजता ड्युटीवरील निवासी डॉक्टरांना फोन केला, २.२५ ला त्यांनी रुग्ण पाहिला’ अशी नोंद रुग्णाच्या उपयोगी पडते आणि तुमचेही रक्षण करते.

वरिष्ठांची जबाबदारी

आत्मविश्वासाचे सगळे ओझे परिचारिकेवर टाकणे योग्य नाही. एकटीवर चाळीस रुग्ण असतील, तर कितीही हुशार सिस्टरच्या नजरेतून काहीतरी सुटणारच. नव्या मुलींना पहिले काही महिने अनुभवी सिस्टरसोबत ड्युटी द्यावी. राऊंडच्या वेळी डॉक्टरांनी “सिस्टर, तुम्हाला काय वाटते?” असे विचारावे. आणि रात्री आलेला फोन अनावश्यक ठरला, तरी “कळवलेत ते बरे केलेत” एवढेच म्हणावे. एकदा ओरडा खाल्लेली परिचारिका पुढच्या वेळी फोन करायला कचरते, आणि त्याची किंमत रुग्ण मोजतो.

आजपासून काय कराल?

• हँडओव्हरमध्ये प्रत्येक रुग्णाचे बदललेले आकडे आवर्जून सांगा.
• वर दिलेल्या चार पायऱ्या लिहून फोनशेजारी चिकटवा.
• दर आठवड्याला वॉर्डातल्या एका औषधाची मात्रा, मार्ग आणि धोके वाचा.
• नोंदणीचे नूतनीकरण वेळेत करा आणि प्रशिक्षणाची संधी सोडू नका.
• शंका असेल, तर फोन करा. वाट पाहू नका.